सेप्सिसमधील प्रतिकारपेशी: कोण तारते, कोण मारते आणि केव्हा

प्रश्न असा आहे: सेप्सिसमध्ये दाह वाढवून रुग्णाचा घात करणाऱ्या प्रतिकारपेशी कोणत्या आणि त्याला वाचवणाऱ्या कोणत्या? न्यूट्रोफिल, मोनोसाइट, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी आणि त्यांच्या उपप्रकारांपैकी एखादा नेमका रोखला किंवा वाढवला, तर मृत्यू टाळता येईल का?

प्रश्न विचारणारे एम.डी.चे विद्यार्थी आहेत, म्हणून मूलभूत ओळख थोडक्यात आटोपतो. प्रश्नात पेशींची ‘तारणाऱ्या’ आणि ‘मारणाऱ्या’ अशी वाटणी गृहीत धरलेली आहे. शिकत असताना मीही ती धरली होती. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत ती शोभूनही दिसते. अतिदक्षता विभागात मात्र ती टिकत नाही, कारण एकच पेशी पहिल्या काही तासांत जंतू रोखून धरते आणि तीच पेशी दुसऱ्या दिवशी फुफ्फुसाच्या केशवाहिन्या तुंबवून बसते. म्हणून पेशीच्या नावाबरोबर ती कोणत्या वेळी, कोणत्या अवयवात आणि किती संख्येने आहे, हेही प्रत्येक वेळी विचारावे लागते.

२०१६ साली ठरलेल्या व्याख्येनुसार, जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेशिस्त प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊन जिवावर बेतणे म्हणजे सेप्सिस. व्यवहारात, अवयव किती बिघडले हे मोजणारा सोफा गुणांक दोन किंवा अधिक गुणांनी वाढणे ही त्याची खूण. या व्याख्येत जंतूपेक्षा प्रतिसादाला अधिक वजन आहे. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी १० लाख दगावले, म्हणजे त्या वर्षातील जवळपास दर पाच मृत्यूंपैकी एक मृत्यू सेप्सिसशी निगडित होता, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणा. तो कोणी एक नव्हे, पण आमच्याकडे असे अनेक येतात. वय बावन्न, बारा वर्षांचा मधुमेह, उसाच्या पाचटात पायाला झालेली जखम चार दिवस अंगावर काढलेली, पोटरीपर्यंत लाल सूज, रक्तदाब ८०/५०, रक्तातले लॅक्टेट ४.८, म्हणजे वाढलेले. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीच्या, कागदावर पांढऱ्या पेशींचा टोटल काउंट १८,४००, न्यूट्रोफिल ९२ टक्के, लिम्फोसाइट ४ टक्के. मुलगा विचारतो, “पांढऱ्या पेशी वाढल्यात, म्हणजे शरीर लढतंय ना, डॉक्टर?” या मुलाला द्यायचे प्रामाणिक उत्तर आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. १८,४०० चे चार टक्के म्हणजे ७३६. टोटल काउंटच्या मोठ्या आकड्याआड लिम्फोसाइटची प्रत्यक्ष संख्या हजाराच्या खाली गेलेली आहे. एक फौज दुपटीने वाढली आहे आणि दुसरी गळू लागली आहे, आणि हे दोन्ही पहिल्याच दिवशी, एकाच वेळी घडते आहे. ‘आधी दाहाचे वादळ, नंतर प्रतिकारशक्तीची मरगळ’ असे दोन अंक पाठ्यपुस्तकात काढलेले असतात. प्रत्यक्षात दोन्ही अंक एकाच रंगमंचावर चालू असतात.

या रुग्णाच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः पाहावी, हा माझा जुना आग्रह. मशीनने छापलेल्या ९२ टक्क्यांत जे दिसत नाही ते तिथे दिसते. केंद्रकाचे खंड अजून न पडलेल्या, घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या केंद्रकाच्या बँड पेशी; पेशीद्रवात गडद, भरड कण; कडेला फिकट निळसर डोहले बॉडीज. अस्थिमज्जेने कोठारातला तयार माल संपल्यावर अर्धवट शिकलेले शिपाईही रस्त्यावर उतरवल्याचा हा पुरावा आहे. या अपक्व न्यूट्रोफिलची जंतू गिळून मारण्याची क्षमता कमी असते, आणि त्यांच्यातील काही तर लिम्फोसाइटना दाबून टाकणारे काम करतात. एरवी एक-दोन दिवसांत मरून जाणारा न्यूट्रोफिल सेप्सिसमध्ये लवकर मरतही नाही. त्याचा नियोजित मृत्यू लांबतो. शिवाय संसर्गाच्या जागेकडे ओढून नेणारे त्याच्या पृष्ठभागावरील सीएक्ससीआर२ हे संदेश पकडणारे ग्राहक रेणू कमी होतात आणि पेशीचे शरीर ताठर बनते. परिणामी जिथे पोहोचायचे त्या पोटरीत तो कमी पोहोचतो आणि जिथे काम नाही त्या फुफ्फुसाच्या व यकृताच्या बारीक वाहिन्यांत अडकून पडतो.

न्यूट्रोफिलचे आणखी एक अस्त्र २००४ मध्ये बर्लिनमधील संशोधकांनी दाखवून दिले. ही पेशी स्वतःच्या डीएनएचे धागे बाहेर फेकते आणि त्या जाळ्यात जंतू अडकतात. त्यांना नेट्स म्हणतात. जाळे उपयोगाचेच, पण त्यावर चिकटलेली हिस्टोन प्रथिने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला विषारी ठरतात, हे २००९ मध्ये दिसून आले, आणि ते धागे गुठळी बनण्यासाठी आयता सांगाडा पुरवतात. मग जाळे विरघळवणारे डीएनएज हे विकर द्यावे का? उंदरांवरील प्रयोगात ते अगदी लवकर दिले तेव्हा फायदा झाला नाही. काही तास थांबून दिले तेव्हा अवयवांची हानी कमी झाली आणि जगण्याचे प्रमाण सुधारले. २००५ मधील एका प्रयोगात तर न्यूट्रोफिलच काढून टाकले होते. आंधळे आतडे बांधून त्याला भोक पाडले की पोटात विष्ठा झिरपून सेप्सिस होतो. संशोधनातील हा नेहमीचा नमुना आहे. असा सेप्सिस घडवण्यापूर्वीच न्यूट्रोफिल काढलेल्या प्राण्यांच्या रक्तात जंतू भरमसाट वाढले. सेप्सिस सुरू झाल्यावर बारा तासांनी काढले, तेव्हा मात्र रक्तातील जंतू कमी झाले, यकृत-मूत्रपिंडाची हानी घटली आणि अधिक प्राणी जगले. पेशी तीच, मधले अंतर बारा तासांचे. आमच्या रुग्णाच्या बाबतीत हे बारा तास कधी सुरू झाले, ते कोणालाच ठाऊक नसते; त्याने जखम चार दिवस अंगावर काढलेली असते. प्रयोगशाळेतला उपाय खाटेपर्यंत पोहोचताना सर्वांत आधी हाच अडथळा येतो.

जंतू गिळणारे मोनोसाइट आणि मॅक्रोफेज यांची कहाणी थोडी वेगळी आहे, कारण ते संख्येपेक्षा वागणुकीने बदलतात. सुरुवातीला टीएनएफ, आयएल-१ आणि आयएल-६ या दाहाचा संदेश देणाऱ्या प्रथिनांचा, म्हणजे सायटोकाइनचा, मोठा वाटा तेच ओततात. रक्तदाब कोसळणे, केशवाहिन्या गळक्या होणे यांमागे त्यांचा हात असतो. पण जंतूंच्या घटकांशी वारंवार गाठ पडल्यावर या पेशी थंडावतात. याला एंडोटॉक्सिन (काही जिवाणूंच्या आवरणातले विष) सहनशीलता म्हणतात. बाहेरून मोजता येईल अशी त्याची खूण म्हणजे मोनोसाइटच्या पृष्ठभागावरील एचएलए-डीआर. गिळलेल्या जंतूचा तुकडा टी पेशीला (लिम्फोसाइटच्या एका प्रकाराला) दाखवण्यासाठी मोनोसाइट हेच तबक वापरते. फ्लो सायटोमेट्रीने मोजल्यास निरोगी माणसात दर पेशीमागे साधारण १५,००० च्या वर असणारा हा आकडा सेप्सिसमध्ये ८,००० च्या खाली जातो, आणि तो काही दिवसांत वर न आल्यास नवा संसर्ग आणि मृत्यू या दोन्हींची शक्यता वाढते. पहिल्या दिवशीच्या एका आकड्यापेक्षा त्याचा कल अधिक सांगून जातो. बरे होणाऱ्यांमध्ये तो आठवडाभरात चढतो, दगावणाऱ्यांमध्ये तो तळाशीच रेंगाळतो.

याउलट थोड्या रुग्णांमध्ये मॅक्रोफेज थंडावण्याऐवजी बेभान होतात. फेरिटिन (लोह साठवणारे प्रथिन) हजारोंच्या घरात, प्लेटलेट कोसळलेले, यकृत बिघडलेले आणि रक्त गोठण्याची यंत्रणा विस्कटलेली, असे ते चित्र असते. थंडावलेल्या आणि बेभान मॅक्रोफेजचे हे दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर असतात, दोघांच्या केसपेपरवर ‘सेप्टिक शॉक’ हेच लिहिलेले असते, आणि दोघांना लागणारे औषध मात्र परस्परविरुद्ध असते.

आता लिम्फोसाइट. सेप्सिसमधील मृत्यूचा विचार करताना मला या पेशी सर्वांत महत्त्वाच्या वाटतात आणि वॉर्डात त्यांच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत सेंट लुइस येथील हॉचकिस आणि सहकाऱ्यांनी सेप्सिसने दगावलेल्यांच्या शवविच्छेदनात पाहिले, की प्लीहेतील लिम्फोसाइट मोठ्या संख्येने अपोप्टोसिसने, म्हणजे स्वतःहून शिस्तीत, मरत आहेत. पुढे स्पष्ट झाले की गळती प्रामुख्याने सीडी४ टी पेशी आणि बी पेशी या लिम्फोसाइटच्या प्रकारांची होते; जंतूचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रिटिक पेशीही कमी होतात. याच गटाने २०११ मध्ये सेप्सिसने दगावलेल्या चाळीस रुग्णांच्या प्लीहा आणि फुफ्फुसाचे नमुने मृत्यूनंतर अल्पावधीत मिळवले. त्या प्लीहापेशींना उत्तेजित केले, तरी त्यांचे सायटोकाइन तयार करण्याचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या पेशींच्या बहुधा दहा टक्क्यांहून कमी भरले. त्यांच्यावर पीडी-१ सारखे ब्रेक लावणारे रेणू वाढलेले होते. म्हणजे अनेक रुग्ण दाहाच्या आगीत नव्हे, तर आग विझून चूल गार पडल्यावर दगावत होते.

लिम्फोसाइट मरतात एवढ्यावरच नुकसान थांबत नाही. अपोप्टोसिसने मेलेली पेशी मॅक्रोफेजने गिळली, की मॅक्रोफेज दाह आवरणारे सायटोकाइन सोडू लागतो; एरवीच्या आयुष्यात हे शहाणपणाचेच आहे, कारण रोज मरणाऱ्या कोट्यवधी पेशींवर आपण दाह करत बसलो तर जगणे अशक्य होईल. सेप्सिसमध्ये मात्र अशा मृत पेशींचा लोंढाच येतो. २००३ मधील एका प्रयोगात उंदरांना अपोप्टोसिसने मेलेल्या प्लीहापेशी टोचल्या तेव्हा सेप्सिसमध्ये अधिक उंदीर मेले. फुटून, नेक्रोसिसने मेलेल्या पेशी टोचल्या तेव्हा कमी मेले. पेशी कशी मेली, याचाही परिणाम वाचलेल्या पेशींच्या वागण्यावर होतो. अपोप्टोसिस रोखणारी द्रव्ये दिल्यावर उंदरांचे जगणे सुधारते, पण ज्या उंदरांत मुळात लिम्फोसाइटच नाहीत त्यांना त्या द्रव्यांचा उपयोग होत नाही. फायदा लिम्फोसाइट वाचल्यानेच होतो, असा त्याचा सरळ अर्थ.

माणसांमध्ये याचे प्रतिबिंब चौथ्या दिवशीच्या सीबीसीत दिसते. निदानानंतर चौथ्या दिवशीही लिम्फोसाइटची संख्या सावरली नाही तर मृत्यूचा धोका वाढतो, आणि ती दर मायक्रोलिटरमागे ६०० किंवा त्याहून कमी राहिल्यास दुसऱ्या संसर्गाचाही, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. इथे एक सावधगिरी. न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट गुणोत्तर काढून त्यावर भाकीत करण्याची पद्धत हल्ली फार बोकाळली आहे. रुग्णाला दिवसाला २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन चालू असेल तर स्टेरॉइडमुळेच लिम्फोसाइट घटतात, न्यूट्रोफिल वाढतात आणि गुणोत्तर फुगते. औषधाचा तक्ता न पाहता काढलेले गुणोत्तर मी वाचत नाही.

टी पेशींमध्ये प्रतिकाराला आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींवर बराच काळ ठपका ठेवला गेला, कारण रुग्णांच्या रक्तात त्यांचे प्रमाण वाढलेले दिसते. पण ती वाढ मुख्यतः टक्केवारीची आहे. इतर सीडी४ पेशी मेल्या आणि या तुलनेने टिकल्या, म्हणून हिश्शात मोठ्या दिसू लागल्या. उंदरांमध्ये सेप्सिसपूर्वी त्यांना कमी करूनही जगण्याचे प्रमाण सुधारले नाही. गॅमा-डेल्टा हा टी पेशींचा आणखी एक प्रकार नसलेले उंदीर अधिक मरतात. नैसर्गिक मारक (एनके) पेशींचे चित्र उलटे आहे: उंदरांमध्ये त्या आधीच काढल्या तर दाह घटतो आणि अधिक उंदीर जगतात, कारण त्या इंटरफेरॉन-गॅमा सोडून मॅक्रोफेजना चेतवत राहतात. परंतु ज्या रुग्णाचे मॅक्रोफेज थंडावले आहेत, त्याला नेमके हेच इंटरफेरॉन हवे असते. म्हणून उंदरातला हा निष्कर्ष नवव्या दिवशीच्या रुग्णाला लावणे धोक्याचे ठरेल.

बी पेशींबाबत एक उदाहरण मी वर्गात नेहमी देतो, कारण उपप्रकार ओळखला की प्रश्न सुटला, हा भ्रम त्यातून उतरतो. बोस्टनमधील एका गटाने २०१२ मध्ये बी पेशींचा एक उपप्रकार वर्णन केला. त्यांना आयआरए बी पेशी म्हणतात. त्या जीएम-सीएसएफ हे सायटोकाइन तयार करतात आणि त्या नसतील तर उंदीर सेप्सिसमध्ये जंतूंना आवरू शकत नाहीत. निष्कर्ष: ही पेशी तारते. २०१५ मध्ये त्याच गटाने दाखवले की याच पेशी आयएल-३ हे सायटोकाइनदेखील सोडतात, त्यामुळे अस्थिमज्जेतून दाहक मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल यांचा पूर येतो, आणि आयएल-३ नसलेले उंदीर अधिक जगतात. निष्कर्ष: ही पेशी मारते. दोन्ही प्रयोग खरे आहेत. अशी पेशी औषधाने समूळ काढून टाकली तर नेमके काय साधेल, हे तुम्हीच सांगा.

हा भेद न केल्याची किंमत आपण मोजलेली आहे. १९९६ मध्ये टीएनएफला पकडून ठेवणारे एक संयुक्त प्रथिन सेप्टिक शॉकच्या रुग्णांना दिले गेले. औषध न मिळालेल्यांत मृत्यू ३० टक्के होते, तर सर्वाधिक मात्रा मिळालेल्यांत ५३ टक्के. पूर्वी उंदरांना जिवाणूंच्या विषाची मोठी मात्रा टोचून केलेल्या प्रयोगात टीएनएफ रोखणे जीवरक्षक ठरले होते, पण तो उंदीर तरुण, निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेला आणि अनुभवी स्मृती टी पेशी जवळपास नसलेला असतो. आमचा रुग्ण बावन्न वर्षांचा, मधुमेही आणि आयुष्यभर चिखलात अनवाणी वावरलेला असतो. एंडोटॉक्सिनचा ग्राहक रोखणारे एरिटोरानही २०१३ मध्ये मोठ्या चाचणीत अयशस्वी ठरले.

उलट दिशेचे प्रयत्नही झाले. १९९७ मध्ये बर्लिनमध्ये एचएलए-डीआर घटलेल्या नऊ रुग्णांना इंटरफेरॉन-गॅमा दिले तेव्हा मोनोसाइट पुन्हा कामाला लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सत्तावीस रुग्णांच्या चाचणीत आयएल-७ ने लिम्फोसाइटची संख्या तीन ते चार पटींनी वाढवली, आणि दाहाचे वादळ पुन्हा उसळले नाही. मात्र मृत्यू कमी होतात का, हे ठरवण्याइतकी ती चाचणी मोठी नव्हती. पेशी वाढणे आणि रुग्ण वाचणे यांतले अंतर विसरू नये. टी पेशींना बळ देणारे थायमोसिन अल्फा-१ हे इंजेक्शन आपल्याकडेही महागड्या दराने लिहून दिले जाते आणि नातेवाईक ते आणण्यासाठी दागिने गहाण ठेवतात. चीनमध्ये अकराशेहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने २८ दिवसांतील मृत्यू कमी केले नाहीत. त्या चाचणीत औषध लिम्फोसाइट किंवा एचएलए-डीआर पाहून निवडलेल्यांना नव्हे, तर सरसकट दिले होते, हे लक्षात घेतले तरी आज ते सरसकट लिहून देण्याला आधार उरत नाही. सरसकट दिल्या जाणाऱ्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दलही (प्रतिपिंडांच्या इंजेक्शनबद्दलही) माझे हेच मत आहे.

निवड करून उपचार देण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न २०२५ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या, ग्रीसमधून आखलेल्या चाचणीत दिसतो. फेरिटिन दर मिलिलिटरमागे ४,४२० नॅनोग्रॅमच्या वर असलेल्या, म्हणजे मॅक्रोफेज बेभान झालेल्या रुग्णांना आयएल-१ रोखणारे अनाकिन्रा. एचएलए-डीआर घसरलेल्यांना इंटरफेरॉन-गॅमा. अवयवांचे काम अधिक रुग्णांत सुधारले, पण २८ दिवसांतील मृत्यूंत स्पष्ट फरक दिसला नाही. मला ही दिशा बरोबर वाटते. मात्र हा फेरिटिनचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नका. डेंगी आणि स्क्रब टायफसमध्येही फेरिटिन उंच जाते, आणि स्क्रब टायफसच्या रुग्णाला आधी डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक लागते, अनाकिन्रा नव्हे.

तर त्या बावन्न वर्षांच्या रुग्णाचे काय? पहिल्या तासात प्रतिजैविक, सलाइन, रक्तदाब उचलणारे नॉरअॅड्रेनालिन आणि शल्यचिकित्सकाकडून पोटरी उघडून सडलेली ऊती काढणे. न्यूट्रोफिलचे काम हलके करण्याचा याहून चांगला मार्ग मला ठाऊक नाही. चौथ्या दिवशी ताप उतरलेला, नॉरअॅड्रेनालिन बंद, टोटल काउंट ११,०००, सगळे खूश. लिम्फोसाइट ५ टक्के, म्हणजे ५५०. आयएल-७ माझ्या औषधपेटीत नाही आणि एचएलए-डीआरची तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी होत नाही. पण या ५५० ने माझे त्या दिवसाचे काम ठरते. मानेतली सेंट्रल लाइन आजच काढायची, लघवीची नळी उद्यावर ढकलायची नाही, शॉक ओसरला असेल तर हायड्रोकॉर्टिसोन थांबवायचे, कल्चरचा (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) निकाल पाहून प्रतिजैविकाचा पल्ला कमी करायचा, नळीवाटे अन्न आणि साखरेवर नियंत्रण चालू ठेवायचे. आठव्या-नवव्या दिवशी पुन्हा ताप चढला किंवा व्हेंटिलेटरच्या नळीत स्राव वाढला, तर तो जुना सेप्सिस उरलेला नसून अॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला किंवा कँडिडाचा नवा संसर्ग असू शकतो, असे धरून त्याच दिवशी कल्चर पाठवायचे. कागदावरच्या मार्जिनमध्ये मी पेनने ५५० हा आकडा लिहून त्याभोवती गोल करतो, कारण मशीन फक्त टक्के ठळक छापते आणि रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरची नजर तिथेच थांबते.